टपावरचा पिवळा

ओझर म्हटले की महाराष्ट्रातील बहुतेकांस जुन्नर तालुक्यातील विघ्नहराचे ओझर आठवते. नाशिक जिल्ह्यातील, निफाड तालुक्यातील ओझरला त्यामुळे एक शेपूट जोडावे लागते. एस.टी.च्या वाहकापासून लग्नपत्रिकेपर्यंत सर्वत्र ते 'ओझर मिग' असते. मिकोयान आणि गुरेविच या दोन सोव्हिएत विमानरचनाकारांच्या नावांची आद्याक्षरे, आणि त्यांच्या मधोमध रशियन भाषेतील 'आणि' या अर्थाचे 'इ' हे अव्यय, असे मिळून 'मिग' हे नाव झाले. म्हणजे बाणगंगेकाठच्या एका जुन्या मराठी गावाच्या नावात आज दोन रशियन आडनावांचे तुकडे व एक उभयान्वयी अव्यय मुक्कामाला आहे. भाषेच्या विद्यार्थ्यांनी दखल घ्यावी असा हा थर आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषयही थर हाच आहे. मात्र शब्दांवरचे नव्हेत, तर १९६६ सालच्या एका फियाट मोटारीच्या पत्र्यावरचे.

ही फियाट आमच्यापैकी एकाच्या वडिलांची. आम्ही दोघेही त्यांना आप्पा म्हणत असू. आप्पांची सारी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात झाली, तीही रंगखात्यात. त्यांच्या पश्चात गाडी बरीच वर्षे वसाहतीबाहेरच्या घराच्या ओट्यालगत ताडपत्रीखाली उभी होती. दारांच्या तळाशी गंजाने जाळी पडली, बॉनेटवरचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला, तेव्हा ती पुन्हा रंगवून घ्यावी असे ठरले. काम ओझरमधल्याच एका मिस्त्रींनी अंगावर घेतले. त्यांची अट एकच होती : घाई करायची नाही. आमचीही एकच होती : जो थर काढाल तो आम्हांला दाखवूनच काढायचा. या अटीस मिस्त्री हसले, पण त्यांनी ती पाळली.

मूळ मुद्द्याकडे वळण्यापूर्वी एक ऐतिहासिक योगायोग नोंदवणे भाग आहे. ओझरचा कारखाना आणि ही फियाट यांचे दूरचे भाऊबंदकीचे नाते आहे, व त्या नात्याचा मूळपुरुष सोलापूरचा आहे. वालचंद हिराचंद दोशी (१८८२-१९५३) यांना मोटारीचा कारखाना काढायचा होता. त्यासाठी अमेरिकेतील कंपन्यांशी बोलणी करून १९३९ मध्ये ते परत येत असता विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या विमान उद्योगातील अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली, आणि मोटारीच्या आधी विमानच पुढे सरकले. २३ डिसेंबर १९४० रोजी, म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने, बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. महायुद्धामुळे १९४२ साली सरकारने तिचा कारभार हाती घेतला. मोटारीचे स्वप्न १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या रूपाने मार्गी लागले, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या आणि पन्नाशीच्या दशकात इटलीची फियाट, असा तो क्रम आहे. गं. दे. खानोलकरांसारख्या वाङ्मयसेवकांच्या चरित्रकाराला या उद्योगपतीचे चरित्र लिहावेसे वाटले यात नवल नाही. त्या आयुष्यात कादंबरीला पुरेल इतके कथानक आहे.

पुढे १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला, १९६३ मध्ये त्यासाठी एरॉनॉटिक्स इंडिया ही सरकारी कंपनी निघाली, आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी तिचे व वालचंदांच्या जुन्या कंपनीचे एकत्रीकरण होऊन हिंदुस्थान एरॉनॉटिक्स जन्मास आली. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला, विद्युत्-उपकरणे हैदराबादला अशी वाटणी झाली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले होते, व कारखाना हे त्याचे उतराईचे दान होते असे नाशिककर आजही सांगतात. ते काही असो. बंगळूरचे विमान आणि कुर्ल्याची मोटार या वालचंदांच्या दोन अपत्यांची भेट ओझरच्या वसाहतीत, सायकलींच्या रांगेशेजारी, अधूनमधून होत राहिली. आप्पांच्या फियाटमध्ये ती भेट आमच्या पाहण्यातली आहे.

आता रंगकामाकडे. ज्यांनी मोटारीचे रंगकाम पाहिले नाही त्यांची समजूत अशी असते की रंगारी येतो, फवारा मारतो आणि जातो. वस्तुतः फवारा हे या कामातले शेवटचे व सर्वांत थोडा वेळ खाणारे प्रकरण. त्याआधीचे सारे काम उतरवण्याचे, खरवडण्याचे आणि घासण्याचे. प्रथम गाडीचे दागिने उतरतात : क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांची कडी, हँडले, काचा, काचांभोवतीचे रबर. मग ठोकाठोक. पोचा आलेल्या जागी आतून लोखंडी ठोकळा धरून बाहेरून हलक्या हातोडीने पत्रा पूर्ववत करायचा. येथे जोर चालत नाही. जास्त ठोकला तर पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा पुन्हा पहिल्या मापात बसत नाही. मिस्त्री डोळे मिटून तळहात पत्र्यावरून फिरवीत. डोळ्यांना जो उंचवटा दिसत नाही तो हाताला कळतो, असे त्यांचे म्हणणे, आणि ते आम्ही करून पाहिले. आमच्या हाताला काही कळले नाही.

गंजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा, किरकोळ गंज फॉस्फोरिक आम्लाने मारायचा, मग प्रायमर, मग लांबी. 'लांबी' हा रंगाऱ्यांचा जुना शब्द आहे. पूर्वी ती खडूची भुकटी आणि जवसाचे उकळलेले तेल मळून करीत. सुतारकामातील लांबी तीच. मोटारीवर आता पॉलिएस्टर राळेची लांबी वापरतात, तिच्यात घट्ट करणारे रसायन मिसळले की काही मिनिटांत ती दगड होते. त्याहीपूर्वी पत्र्याचे सांधे शिसे व कथील यांच्या मिश्रधातूने भरीत. चांगला मिस्त्री लांबी पातळ लावतो आणि त्यातली बहुतेक घासून परत काढतो. जाड लांबी ही पत्रा सरळ न करता आल्याची कबुली असते. दोन-पाच वर्षांत तिला तडा जातो आणि मग सारे उघडे पडते. (शोधनिबंधांतील अवतरणांविषयीही असेच काही म्हणता येईल, पण ते असो.)

रंगाच्या एका थराला ग्रंथभाषेत 'पुट' म्हणतात. हा शब्द वैद्यकातून आला. भस्माला जितकी पुटे द्यावीत तितके ते गुणकारी मानले जाते. रंगारी मात्र 'हात' म्हणतो. प्रायमरचे दोन हात, रंगाचे तीन हात. लेखकही लिखाणावर शेवटचा हात फिरवतात, आणि तो फिरवताना शक्यतो खालचे हात दिसू नयेत अशी काळजी घेतात.

गॅरेजमध्ये या साऱ्या कामाला 'ड्युको मारणे' असे म्हणतात, आणि या शब्दात एक इतिहास गोठलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी घोडागाडीसारख्याच, तेलाच्या व्हार्निशने आणि कुंचल्याने रंगवीत. एकेक हात वाळण्याची वाट पाहत गाडी आठवडेच्या आठवडे कारखान्यात अडकून पडे. सुरुंग आणि बंदुकीची दारू बनवणाऱ्या ड्युपाँ या अमेरिकन कंपनीने १९२३ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग बाजारात आणला, त्याचे नाव ड्युको. १९२४ च्या मालिकेतील ओकलंड मोटारी त्या रंगाने निळ्या होऊन आल्या, आणि काळ्या रंगाची सद्दी संपली. रसायन बदलले, तरी नाव गॅरेजमध्ये राहून गेले. डालड्याचे झाले तसेच. नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ मोठा बहुरूपी. तो स्फोटक आहे, तो रंग आहे, पहिल्या महायुद्धातील विमानांच्या कापडी पंखांना ताण देणारा लेपही त्याच कुळातला, आणि जुन्या चित्रपटाची फीतही तीच. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी नाशकात बसून जी फीत हाताळली ती याच पदार्थाची, आणि त्यांचे बहुतेक चित्रपट आज उपलब्ध नाहीत याला त्या फितीचा जळका, नासका स्वभाव बराचसा कारण आहे. मोटारीवर मात्र हा पदार्थ चिवट ठरतो. चाळीस-पन्नास वर्षांनीही तो पत्र्याला धरून असतो, हे आम्हांला लवकरच कळणार होते.

जुना रंग घासताना एक गोष्ट घडते, आणि तीमुळेच हा लेख लिहावासा वाटला. रंग जेथे सुटला आहे तेथील कडा पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने उतरती करावी लागते, नाहीतर नव्या रंगाखाली तिची पायरी दिसते. ही कडा उतरती झाली की सर्व थर एकाशेजारी एक, कडी-कड्यांनी, उघडे होतात. नकाशावरील समोच्चरेषा असाव्यात तसे. सर्वांत बाहेर ताजा थर, आत आत जुने, मध्यभागी लखलखीत पत्रा. एका रुपयाएवढ्या जागेत गाडीचे सारे चरित्र मावते.

पहिली अशी जागा उघडली ती पुढच्या उजव्या मडगार्डवर, दिव्याच्या कड्याशी. वरून खाली : नव्वदीत कोणा गॅरेजवाल्याने मारलेला भडक मरून, त्याखाली आप्पांचा करडा-निळा (तोच आमच्या आठवणीतला), त्याखाली काळा, त्याखाली सायीसारखा पांढुरका, मग राखी अस्तर आणि पत्रा. काळा पाहताच आम्ही दोघेही उत्तेजित झालो. १९६५ व १९७१ च्या युद्धांत शहरांतून ब्लॅकआउट असे, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा करावा लागे, हे सर्वश्रुत आहे. दिव्याच्या कड्याशी काळा रंग, आणि गाव मिगचे! डिसेंबर १९७१, काळोखात बुडालेले ओझर, विमानांच्या चकचकीत अंगावर घाईघाईने चढवलेले हिरवट-तपकिरी छद्मरंग (हे त्या वेळी अनेक मिग-२१ विमानांच्या बाबतीत खरोखर घडले), आणि अर्ध्या डोळ्याने वाट काढणारी ही फियाट. लेखाचा शेवटचा परिच्छेदसुद्धा आमच्या मनात तयार झाला.

मिस्त्रींनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "सर, ब्लॅकआउटचा काळा काचेवर मारायचे. मडगार्डावर कशाला मारतील?" मग त्यांनी दाराच्या तळाशी एक जागा घासून दाखवली. काळा. मागच्या मडगार्डवर. काळा. डिकीच्या झाकणावर. काळा. नंतर त्यांनी स्टूल घेतले आणि टपावर हात घातला. मरून, करडा-निळा, आणि त्याखाली काळा नव्हता. पिवळा होता.

आम्हांला अजूनही उमगले नाही. विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर झिंक क्रोमेटचा हिरवट-पिवळा प्रायमर मारतात, हे आप्पांच्याच तोंडून ऐकलेले असल्याने आमचा दुसरा तर्क तिकडे धावला, आणि त्याची लगेच लाजही वाटली. ज्या माणसाने कारखान्यातला एक खिळा कधी घरी आणला नाही त्याच्याविषयी हा तर्क! शिवाय हा पिवळा अस्तराचा नव्हता. चांगला तकतकीत, वरचा, मिरवण्याचा पिवळा होता. मिस्त्री स्टुलावरून उतरले. "अंग काळं, टप पिवळा. सर, ही मुंबईची टॅक्सी होती."

आप्पांच्या घरी गाडीची हकीकत ठरलेली होती. 'डॉक्टरांची गाडी आहे, एकहाती वापरलेली.' १९७८ मध्ये आप्पांनी ती मुंबईच्या एका डॉक्टरांकडून घेतली असे प्रत्येक पाहुण्याला सांगितले जाई. नोंदणीपुस्तिका नंतर काढलेली नक्कल आहे, तिच्यात मागचे काही नाही. एवढ्या वर्षांत शंका घेण्याचे कारणच पडले नव्हते.

येथे टॅक्सीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण आमच्या आजच्या विद्यार्थ्यांना काळी-पिवळी म्हणजे निव्वळ स्मरणरंजन वाटते. फियाट ११०० चे जुने, गोलमटोल रूप मुंबईत 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखले जाई. १९६४ च्या सुमारास ११०० डी आली. करार संपल्यावर १९७२ मध्ये गाडीचे नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाले, आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. राष्ट्राध्यक्षावरून चितोडच्या राणीवर आणि जायसीच्या काव्यनायिकेवर झालेली ही उडी मोठी गमतीची आहे. इ.स. २००० च्या सुमारास उत्पादन थांबले. मुंबईतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेखच लिहिले. पण १९७८ मध्ये काळ्या-पिवळ्याला ही माया नव्हती. परवाने, नियंत्रणे, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी यांचा तो काळ. नवी मोटार मिळणे हेच एक प्रकरण होते, आणि टॅक्सी म्हणून राबलेली गाडी घेणे म्हणजे दमलेले जनावर बाजारातून उचलणे. वसाहतीत त्याचे काय बोलले गेले असते हे वसाहतीत वाढलेल्यास सांगावे लागत नाही. तेथे क्वार्टरच्या प्रकारावरून माणसाची पायरी कळे. मोटार साहेबांकडे, स्कूटर त्याखाली, सायकल सर्वांकडे. रंगखात्यातल्या कामगाराने मोटार घेतली हेच पुष्कळ होते. ती टॅक्सी असती तर ती मोटार राहिली नसती.

काकूंना विचारावे की नाही यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. ज्याचे वडील, तो नको म्हणत होता. त्याचे म्हणणे सरळ होते : आप्पांनी एक गोष्ट झाकून ठेवली, त्यांच्या पश्चात ती उकरणारे आपण कोण? दुसऱ्याचे म्हणणे असे, की उकरायचे ते आपण पॉलिशपेपरने उकरून झाले आहे. आता न विचारणे हे फक्त ढोंग. शेवटी ज्याचे वडील त्यानेच विचारले. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "पिवळा होय? मला वाटलं, मोडीत जाईपर्यंत कुणाला कळायचा नाही." मग त्यांनी सांगितले ते असे. डॉक्टर खरे होते. गाडी नवी घेतली ती त्यांनीच. त्यांनी ती काही वर्षांनी विकली, तिची टॅक्सी झाली, आणि टॅक्सीवाल्याकडून आप्पांनी घेतली. परवाना, नोंदणी सगळे रीतसर बदलले. गाडी ओझरला आणली ती रात्री, आणि आठ दिवसांची रजा टाकून एका परिचितांच्या गोदामात आप्पांनी ती स्वतः रंगवली. "डॉक्टरांची गाडी म्हणायचे ते काही खोटं नव्हतं. मधलं तेवढं सांगत नव्हते."

आम्ही मिस्त्रींकडे परतलो तेव्हा सायीसारख्या पांढुरक्या थराचा अर्थ लागला. तो डॉक्टरांचा. साऱ्या थरांचा क्रम काकूंच्या हकीकतीशी तंतोतंत जुळला. मौखिक परंपरेविषयी आम्ही वर्गात पुष्कळ बोलतो, परंतु ती इतक्या स्वच्छपणे तपासून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. लोक समजतात त्यापेक्षा ही परंपरा फार कमी रचते. ती बहुधा गाळते. वंशावळीत मधला एक पुरुष गळतो, बखरीत एक पराभव गळतो, आणि मागचापुढचा सांधा असा बेमालूम बसवलेला असतो की नुसत्या वाचनाने तो सापडत नाही. गळाठ्याचा पुरावा मजकुराबाहेर, एखाद्या ताम्रपटात किंवा मडगार्डवर शोधावा लागतो.

आप्पांच्या थराविषयी मिस्त्री जे म्हणाले ते मात्र आम्हांला अधिक बोलके वाटते. विमानाच्या रंगकामाचा नियम मोटारीच्या उलट आहे. विमानाच्या मोठ्या दुरुस्तीत जुना रंग समूळ उतरवतात. एक कारण वजनाचे. दुसरे आणि महत्त्वाचे असे की धातूला गेलेली बारीक चीर रंगाखाली दडते. रंग उतरवल्याखेरीज तपासणी नाही, हे आप्पांच्या आयुष्यभराच्या नोकरीचे सूत्र होते. अशा माणसाने स्वतःच्या गाडीचा काळा-पिवळा उतरवला नाही. तो नीट घासून खरबरीत केला, वर प्रायमरचा एकसारखा हात दिला, आणि मग करडा-निळा चढवला. मिस्त्री म्हणाले, "हे काम शिकलेल्या हाताचं आहे. सांधा कुठे दिसत नाही." आठ दिवसांच्या रजेत सारे उतरवायला वेळ पुरला नसेल, हे एक साधे उत्तर आहे, आणि साधी उत्तरे बहुधा खरी असतात. तरीही जो मुलगा ते ऐकत उभा होता त्याला ते पुरेसे वाटले नाही, हे येथे नमूद करतो.

यानंतरचा प्रश्न अधिक अडचणीचा : आता गाडी कोणत्या रंगाची करायची? जुन्या मोटारींच्या शौकिनांत 'ओरिजिनल' हा शब्द देवघरातला आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, त्यांतही वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे अशी अट आहे. त्या हिशेबाने डॉक्टरांचा पांढुरका हाच रंग. पण मूळ म्हणजे पहिले, हे समीकरण इतके सोपे नाही, आणि ते मराठीच्या अभ्यासकांना सांगण्याची गरज नसावी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपल्या मते त्याहून जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, आणि त्या पोथीच्या जुनेपणावर विद्वानांत वाद झडले. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ खर्चून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तीही मूळ महाभारताची म्हणून नव्हे, तर हस्तलिखितांच्या आधारे जेवढे मागे जाता येते तेवढे जाण्यासाठी. आणि गाळलेले श्लोक तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवले. ही शेवटची गोष्ट विसरली जाते. तिथे घासलेला रंग फेकून दिलेला नाही.

वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ मध्ये व्हेनिस येथे झालेल्या सनदेत असे तत्त्व आहे की एखाद्या इमारतीवर निरनिराळ्या काळांनी जी भर घातली तिचा मान राखावा. शैलीची एकता हे जीर्णोद्धाराचे ध्येय नव्हे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये अशाच धर्तीची सनद स्वीकारली, तिला ट्युरिनचे नाव आहे. 'फियाट' मधील शेवटचा 'ट' तो ट्युरिनचाच. तत्त्व आम्हांला मान्य होते. पत्र्याला ते मान्य नव्हते. मिस्त्रींनी समजावले, की आजचा दोन भागांचा, घट्टकारक मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग जुन्या ड्युकोवर थेट मारला तर त्यातील द्रावण खालच्या थरात शिरते, खालचा रंग फुगतो, आणि वर सुरकुत्या उठतात. जुने थर ठेवायचे तर नवा रंग टिकायचा नाही. नवा टिकवायचा तर जुने काढले पाहिजेत. दोन्ही हवे असणाऱ्या प्राध्यापकांसाठी त्यांच्याकडे रसायन नव्हते.

बराच खल होऊन ठरले ते असे. बाहेरचे सारे अंग पत्र्यापर्यंत उतरवायचे. आप्पांच्या कारखान्याचा नियम त्यांच्या गाडीला उशिरा का होईना लावायचा. आणि तो लावल्यावर टपाच्या पन्हळीत खरोखरच एक चीर सापडली, जी कोणाला दिसली नव्हती. रंग मात्र डॉक्टरांचा द्यायचा नाही, आप्पांचा द्यायचा. तो त्यांनी कोणत्या डब्यातून मिसळला होता कोण जाणे. पेट्रोलच्या झाकणाच्या आतील बाजूस ऊन न लागलेला एक तुकडा मिळाला, तो पॉलिश करून नमुना धरला. नाशकातल्या दुकानाच्या यंत्राने काढलेली छटा जवळ आली, पण जरा गोरी. मिस्त्रींनी ती दुपारच्या उन्हात पत्र्याच्या तुकड्यावर मारून पाहिली, काळ्याचे थेंब घातले, पुन्हा मारली. तीन दिवस हेच चालले. निफाडच्या थंडीत सकाळी रंग वाळत नाही, पावसाळ्यात दमटपणाने त्यावर पांढरी झाक येते. म्हणून फवारा मारला तो माघ उतरल्यावर, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवून, काचांवर वर्तमानपत्रे चिकटवून. त्यांत आमच्या एका लेखाची पुरवणी होती. तिचा उपयोग झालेला पाहून बरे वाटले.

एक जागा मात्र सोडली आहे. मागच्या डाव्या दाराच्या चौकटीत, वरच्या कोपऱ्यात, जेथे टपाचा पिवळा संपून अंगाचा काळा सुरू होई तेथे, दोन बोटे रुंदीची पट्टी मिस्त्रींनी जुन्या रंगांसह तशीच ठेवली, तिच्या कडा उतरत्या केल्या, आणि तिच्यापुरता पारदर्शक हात कुंचल्याने हलकेच दिला. वरून दाराचे रबर बसते, त्यामुळे ते ओढल्याशिवाय ती दिसत नाही. त्या पट्टीत क्रमाने पांढुरका, पिवळा, काळा आणि करडा-निळा आहेत. मरून ठेवावा असे आम्ही सुचवले होते. ज्याची गाडी त्याने आणि मिस्त्रींनी एकमताने ते नाकारले.

गाडी घरी आली त्या दिवशी काकूंनी ओट्यावरूनच पाहिले. रंग थोडा गडद झालाय, त्या म्हणाल्या. आम्ही पेट्रोलच्या झाकणाचा तुकडा काढून दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, गाडीच्या दाराशी लावून पाहिला, आणि परत दिला. नोंदणीपुस्तिकेत रंगाच्या रकान्यात 'निळा' एवढेच लिहिलेले आहे. ते बदलावे लागले नाही.